‘एक्स्पोजर’ हे नवे बलुते आहे : कॅमेऱ्यापुढे काम करणाऱ्या आमच्या पोरापोरींसाठी

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी वंदना झाली की आम्ही पाचसहा जण मागे थांबतो. आम्ही सगळे जलशातून आणि पथनाट्यातून आलेले. काहींनी पुढे मालिकांत, सिनेमांत बारीकसारीक कामे केली, काही अजून करतात. वस्तीतली जी पोरेपोरी या धंद्यात शिरतात ती अडचण घेऊन आमच्याकडे येतात. आम्ही मोठे नट नाही. पण ठेचा भरपूर खाल्ल्या आहेत आणि दगड कुठे कुठे आहेत ते माहीत झाले आहे.

मागच्या पावसाळ्यात एक पोरगा आला. एका मालिकेत खलनायकाच्या माणसाचे काम त्याने २२ दिवस केले होते. दिवसाचे २,५०० रुपये ठरलेले, तेही तोंडी. मालिकेच्या धंद्यात पैसे ९० दिवसांनी देण्याची रीत आहे, म्हणून तो तीन महिने गप्प बसला. मग सात महिने झाले. तो ऑफिसात गेला, तर तिथला माणूस म्हणाला, “अरे, तुला चेहरा दिला, ओळख दिली, एक्स्पोजर दिलं. आणखी काय पाहिजे?”

पोरगा आमच्यासमोर बराच वेळ गप्प होता. आम्हाला वाटले, पैशाचे विचारेल. त्याने विचारले ते वेगळेच. “दादा, मी मागितलं ते चुकलं का?”

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. २२ दिवस उन्हात मार खाण्याचे सीन केलेल्या माणसाला आपली मजुरी मागताना लाज वाटते, ही लाज येते कुठून?

आमच्या मते ती फार जुन्या घरातून येते. आमच्या आजोबा-पणजोबांनी गावाची सगळी कामे केली. सांगावा पोहोचवला, मेलेली जनावरे ओढली, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावले. त्या कामाला वेळ नव्हती आणि दर नव्हता. बदल्यात तुटपुंजी वतनी जमीन, आणि संध्याकाळी दारोदार फिरून मागितलेली भाकर. काम हक्काने करून घ्यायचे आणि मोबदला मात्र उपकार म्हणून टाकायचा, हीच त्या व्यवस्थेची खुबी होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले ते याच गाठीवर घाव घालण्यासाठी. वतन कायद्याने जायला १९५८ साल उजाडले, तोवर बाबासाहेब हयात नव्हते. वतन गेले, पण उपकाराची भाषा गेली नाही. तिने इंग्रजी नाव घेतले आणि ती स्टुडिओत जाऊन बसली. मजुरीवर हक्क सांगता येतो, उपकाराबद्दल फक्त हात जोडता येतात. म्हणून आम्ही म्हणतो, एक्स्पोजर हे नवे बलुते आहे.

तेव्हा पहिली गोष्ट मनात पक्की करा. अभिनय ही कला आहेच, पण कॅमेऱ्यापुढचा दिवस हे श्रम आहेत. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामाचे तास, पगारी रजा, बाळंतपणाची रजा या गोष्टी त्यांना किरकोळ वाटल्या नाहीत. त्यांच्या लेकरांना ‘माझी शिफ्ट किती तासांची?’ हे विचारायला संकोच वाटू नये.

दुसरी गोष्ट कागदाची. १९८१ च्या सिने कामगारांच्या कायद्याने लेखी करार आवश्यक केला होता, आणि २०२० च्या श्रम संहितेतही दृकश्राव्य कामगारांसाठी तशी तरतूद आहे. प्रत्यक्षात छोट्या नटाला करार क्वचितच मिळतो, आणि मिळालाच तर सही करायला दोन मिनिटे मिळतात. म्हणून शूटिंगच्या आदल्या दिवशी स्वतःच मेसेज किंवा मेल पाठवा : “उद्यापासून अमुक भूमिका, इतके दिवस, रोज इतके रुपये, शिफ्ट १२ तासांची, प्रवासखर्च इतका, पैसे अमुक दिवसांत, असे आपले ठरले आहे. चूक असल्यास कळवावे.” डबिंगचे पैसे त्यातच आहेत की वेगळे, कोऑर्डिनेटरचे कमिशन किती आणि कोण देणार, हेही त्यातच लिहा. समोरच्याने नुसते “ओके” म्हटले तरी तुमच्या हाती काहीतरी आले. ऑडिशनसाठी, नावनोंदणीसाठी, ‘कार्ड काढून देतो’ म्हणून जो पैसे मागतो त्याच्या दारातून परत फिरा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

एक वही ठेवा. तारीख, सेटवर बोलावल्याची वेळ, पॅकअपची वेळ, सीन, सेटवरच्या दोन माणसांची नावे. रोज दोन ओळी पुरतात. त्या पोराकडे अशी वही होती, कारण त्याची आई बचतगटाचे हिशेब लिहिते आणि तिने त्याला सवय लावली होती. ऑफिसातला माणूस नंतर म्हणू लागला की तू दहाच दिवस आला होतास. आम्ही त्याला आयकराच्या संकेतस्थळावरचे २६ एएस विवरण काढायला लावले. त्यात त्या कंपनीने ५५,००० रुपयांवर १० टक्के, म्हणजे ५,५०० रुपये कर कापल्याची नोंद होती. पैसे पोराला मिळाले नव्हते, पण त्याच्या नावावर खर्च लिहून झाला होता. ते विवरण हातात घेऊन पोरगा पहिल्यांदा ताठ बसला. टीडीएस ही नुसती कपात नसते, तुम्ही काम केल्याचा तो पुरावाही असतो. तो बघायला शिका.

तिसरी गोष्ट एकटे न राहण्याची. सिने अँड टीव्ही आर्टिस्ट असोसिएशन, म्हणजे सिंटा, १९५८ पासून आहे. मराठी सिनेमासाठी कोल्हापूरचे चित्रपट महामंडळ आहे. या संस्था परिपूर्ण आहेत असे आम्ही म्हणत नाही. सदस्यत्वाची फी खिशाला चटका देते, तक्रारीला वेळ लागतो. तरीही लेखी तक्रार करा, पोच घ्या. एकटा मागतो तेव्हा तो ‘कटकट्या’ ठरतो, दहा जण मागतात तेव्हा तोच विषय बोलणीचा होतो. आणि संघटना म्हणजे फक्त नटांची नव्हे. मेकअपदादा, लाइटवाले, स्पॉटदादा, ड्रेसवाल्या ताई यांना नावाने हाक मारा. सेटवर जेवणाच्या रांगा वेगळ्या असतात, ताटेही वेगळी असतात, हे तुम्ही पहिल्याच दिवशी पाहिले असेल. चवदार तळ्याच्या वारसांना ते दिसणारच. उद्या तुम्ही पलीकडच्या रांगेत पोहोचलात तर अलीकडची रांग विसरू नका.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, भूमिकांचा. “तुझा चेहरा एकदम रिअल आहे” हे वाक्य आमच्यातल्या प्रत्येकाने ऐकले आहे. त्याचा अर्थ पुढच्या वाक्यात कळतो : दारुडा, चोर, घरगडी, गटारात उतरणारा. वकील, डॉक्टर, नायकाचा मित्र या भूमिकांना मात्र ‘वेगळा लुक’ लागतो. मग आडनाव विचारले जाते, भाषा ‘शुद्ध’ करायला सांगितले जाते. पी. के. रोझीची गोष्ट लक्षात ठेवा. १९३० च्या सुमारास जे. सी. डॅनियल यांच्या ‘विगतकुमारन’ या पहिल्या मल्याळी सिनेमात या दलित बाईने नायर स्त्रीची भूमिका केली. प्रेक्षक खवळले, तिला स्वतःचाच सिनेमा थिएटरात बसून बघू दिला नाही, शेवटी केरळ सोडून पळावे लागले. म्हणजे कोणी कोण व्हायचे याचा निर्णय पडद्यावरही जातच करत आली आहे. तेव्हा नकार आला की ‘माझ्यात काही कमी आहे’ असे लगेच मानू नका. कधी कमी असतेही, आणि ती मेहनतीने भरून काढावी. पण प्रत्येक नकार हा तुमच्या कलेवरचा निकाल नसतो.

मग मोलकरणीचे, दारुड्याचे काम करायचे की नाही? यावर आम्ही एकदा मोठी चूक केली, ती इथे कबूल करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका हुशार पोरीला मोलकरणीचे लांबलचक काम मिळत होते. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला नाही म्हणायला लावले. चळवळीची पोरगी भांडी घासताना दिसणार नाही, असे मोठ्या आवाजात म्हणालो. तिने ऐकले. पुढचे आठ महिने तिला काम मिळाले नाही. खोली सोडावी लागली, अभिनयही सुटला. तत्त्व आमचे होते, भाडे तिचे होते. आणि खरे सांगायचे तर आमच्या कितीतरी आया तेव्हा लोकांची भांडी घासूनच आम्हाला शिकवत होत्या. त्या कामाची लाज आम्हाला का वाटली, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला तो फार उशिरा.

आता आम्ही हुकूम सोडत नाही, तीन प्रश्न विचारायला सांगतो. या पात्राला नाव आहे का? त्याला स्वतःचे काही हवे आहे का, की ते फक्त दुसऱ्याला पाणी आणून देते? आणि हसू येते ते कुणाला, कुणावर? नाव आणि इच्छा असलेली मोलकरीण बिनधास्त करा, अशी करा की बघणाऱ्याला तिच्या घरचा पत्ता विचारावासा वाटेल. पण जिथे एका समाजाला किळसवाणे किंवा हास्यास्पद दाखवणे हाच सीनचा हेतू असेल, तिथे नाही म्हणा. हे नाही म्हणता यावे म्हणून चार महिन्यांचा खर्च बाजूला टाका. स्वाभिमानाला डब्यातले तांदूळही लागतात. त्यासाठी दुसरे काम करण्यात कमीपणा नाही. निळूभाऊ फुले यांनी पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केले होते.

निळूभाऊंकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पडद्यावर त्यांनी इतके बिलंदर पाटील आणि पुढारी केले की गावोगावच्या बाया त्यांना खऱ्याखुऱ्या शिव्या घालत. पडद्याबाहेर हा माणूस सेवा दलाच्या मुशीतला, कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी सामाजिक कृतज्ञता निधीला हातभार लावणारा. भूमिका त्यांनी अंगावर घेतली, पण घरी नेली नाही. हे जमवावे लागते. बारा तास रडण्याचे किंवा मार खाण्याचे सीन केले तर ते खोटे होते हे शरीराला कळत नाही. म्हणून सेटवरून निघताना तोंड धुवा, कपडे बदला आणि घरच्या माणसाला फोन करा, जो तुम्हाला तुमच्या खऱ्या नावाने हाक मारेल. ऑडिशनचेही तसेच. जायचे, जीव ओतून काम करायचे, वहीत तारीख टाकायची आणि सोडून द्यायचे. फोनकडे बघत बसलेल्या पोरांच्या हातात पुढे बाटली आलेली आम्ही पाहिली आहे. झोप उडाली, जगण्यातला रस गेला, तर लपवू नका. १४४१६ ही सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा आहे, तिथे बोला, डॉक्टर गाठा. विहारात आनापानही करा, चित्त स्थिर होते. पण आनापानाने थकलेली मजुरी मिळत नाही. त्यासाठी पत्रच लिहावे लागते. बुद्धाच्या मार्गात दोन्हीला जागा आहे.

पोरींसाठी वेगळे सांगायलाच हवे. रात्री हॉटेलच्या खोलीत ऑडिशन नसते. पहिल्या भेटीला कुणाला तरी सोबत न्या, निदान पत्ता कळवून जा. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सेटलाही लागू होतो. निर्मिती संस्थेची अंतर्गत समिती कोणती हे कामाआधी विचारा, ती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. केरळात हेमा समितीचा अहवाल २०१९ अखेरीस सादर झाला आणि लोकांसमोर यायला ऑगस्ट २०२४ उजाडला. बायका बोलल्या होत्या, कागद मात्र जवळपास पाच वर्षे कपाटात होता. म्हणून भावांनो, एखादी सहकारी काही सांगत असेल तर ‘पुरावा आहे का’ हा तुमचा पहिला प्रश्न असू नये.

शेवटी पत्त्याविषयी. ‘कोर्ट’ सिनेमात शाहिराची भूमिका केलेले वीरा साथीदार आठवा. सिनेमा व्हेनिसला गाजला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण साथीदारांचा पत्ता बदलला नाही. ते आधीही चळवळीत होते, नंतरही चळवळीतच राहिले, एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना नेले तोवर. कॅमेरा कधीतरी दुसरीकडे वळतोच. तेव्हा तुम्ही कुठे उभे असाल, कुणामध्ये असाल, हे आधी ठरवून ठेवा.

आणि तो पोरगा? आम्ही सगळ्यांनी बसून पत्र लिहिले. वहीच्या पानांच्या आणि कर विवरणाच्या प्रती जोडल्या, एक प्रत संघटनेला दिली. पैसे दोन हप्त्यांत आले, शेवटचे काही हजार अजून अडकले आहेत. त्या कंपनीने त्याला पुन्हा बोलावले नाही, ही किंमत त्याने मोजली. सध्या तो दुसऱ्या मालिकेत हवालदार आहे. परवा त्याने सांगितले, नव्या सेटवर पहिल्याच दिवशी तो बरोबरच्या चार पोरांना वही घ्यायला घेऊन गेला.

मागितले ते चुकले का, हे तो आता विचारत नाही.

जयभीम.