करारातली शेवटची ओळ

दिंडोरी तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. काही हंगाम मी स्वतः निर्यातही केली. त्यातल्या एका वर्षी थॉमसन जातीच्या द्राक्षांचा एक कंटेनर न्हावा शेव्याहून रॉटरडॅमला गेला. २० पॅलेट, ५ किलोच्या पेट्या, ठरलेला भाव पेटीला ८ युरो.

माल पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी खरेदीदाराचा ईमेल आला. चार पॅलेटमधल्या घडांचे देठ वाळून तपकिरी पडले होते. पॅलेटचे नंबर आणि फोटो सोबत होते. ते चार पॅलेट मला चांगले आठवत होते. खुडणीच्या संध्याकाळी पॅकहाऊसची वीज गेली आणि तेवढ्या मालाचं प्रीकूलिंग चार तास उशिरा झालं होतं.

नंतर कितीतरी दिवस शांतता. एकविसाव्या दिवशी दुसरा ईमेल आला : सगळाच माल निकृष्ट निघाला, बिलातून ४० टक्के कापू. काय बिघडलं, कुठल्या पॅलेटमध्ये, याबद्दल अक्षर नव्हतं. तपासायला जावं तर माल विकून झालेला.

अशा वेळी आमच्याकडे एकच सल्ला मिळतो : मिळेल ते घे आणि विषय सोड. मीही सोडणारच होतो. बायको म्हणाली, "निदान कागद तरी कुणाला दाखवा."

नाशिकच्या एका वकीलबाईंनी करार पहिल्यापासून वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. या व्यवहाराला नेदरलँड्सचा कायदा लागू राहील, असं तिथं छापलं होतं. नमुना खरेदीदाराचा होता. ती ओळ न वाचताच मी सही केली होती. आता आपलं काही खरं नाही, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, हीच ओळ तुमच्या कामाची आहे."

मग त्यांनी समजावलं. देशोदेशीच्या मालविक्रीला एकच कायदा असावा म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं १९८० मध्ये व्हिएन्नाला एक आंतरराष्ट्रीय करार झाला. १९८८ पासून तो अमलात आहे. भारतानं तो स्वीकारलेला नाही, पण नेदरलँड्सनं स्वीकारलाय. तिथल्या कायद्याचाच तो भाग असल्यामुळे, तो वगळल्याचं लिहिलेलं नसेल तर आमच्यासारख्या व्यवहारालाही लागतो.

त्यातलं ३८वं कलम सांगतं, घेणाऱ्यानं माल शक्य तितक्या लवकर तपासावा. ३९वं सांगतं, दोष नेमका कोणता ते वाजवी मुदतीत कळवावं. नाहीतर त्या दोषाबद्दलचा हक्क जातो. द्राक्षासारख्या नाशवंत मालाला वाजवी मुदत म्हणजे मोजके दिवस. पहिला ईमेल या कसोटीला पुरेपूर उतरत होता. दुसरा उशिराचा होता आणि मोघमही.

चार पॅलेटचं काय? त्यासाठी भाव कमी करण्याचं ५०वं कलम. माल पोहोचला त्या दिवशी तिथं चांगल्या पेटीला १० युरो भाव होता, वाळल्या देठाच्या पेटीला ६. फरकाचे चार युरो माझ्या ८ मधून सरळ वजा करावेत, असं वाटू शकतं. कलम मात्र प्रमाण धरतं : दहाला सहा, तर आठाला ४.८०.

आम्ही हे सगळं कलमांसकट लिहून पाठवलं, चार पॅलेटची चूक कबूल करून. दोन पत्रं झाली, एकदा फोनवर लांबलचक बोलणं झालं. कोर्टात कुणालाच जावं लागलं नाही. सोळा पॅलेटचे पूर्ण पैसे आले, चारचे ४.८० नं.

त्याच कलमांनी माझी चूक माझ्या पदरात घातली आणि त्याच कलमांनी माझा सोळा पॅलेटचा पैसा राखला. म्हणून तो कायदा मला आपला वाटला. जर्मनी, फ्रान्स, चीन, अमेरिका धरून ९० हून अधिक देश त्यात आहेत. आपली द्राक्षं घेणारं ब्रिटन नाही, आणि आपणही नाही. आपला मालविक्रीचा कायदा १९३० चा आहे. तो परक्या खरेदीदाराला समजावायचा तर आधी वकील लागतो. भारतानं व्हिएन्नाचा करार स्वीकारावा, असं मला मनापासून वाटतं. मोठ्या कंपन्यांकडे वकिलांची फौज असते. एका कंटेनरवर वर्ष काढणाऱ्याला दोन्हीकडे सारखा वाचला जाणारा कागदच आधार देतो.

पुढच्या हंगामाआधी मी पॅकहाऊसला जनरेटर बसवला. आणि करारातली शेवटची ओळ स्वतः लिहिली.