कुंडल रोडची किर्लोस्करवाडी

बेळगावाहून किर्लोस्करवाडीस जायचे तर मिरजेस गाडी बदलणे सोयीचे पडते. घटप्रभा, रायबाग मागे टाकून कुडचीनजीक कृष्णा ओलांडली की काळीभोर जमीन भेटू लागते, आणि सांगलीपलीकडे नांद्रे, भिलवडीपर्यंत तिची सोबत राहते. भिलवडी हे चितळ्यांच्या दुधाचे गाव. त्याविषयी कोणीतरी स्वतंत्र लिहावयास हवे. त्यापुढे थोड्याच वेळात किर्लोस्करवाडीचे स्थानक येते. त्याचे मूळचे नाव कुंडल रोड. आम्हां बेळगावकरांनी येथे उतरताना एवढे ध्यानात ठेवावे की, हा कारखाना मुळात आमच्या गावचा. तो आमच्या हातून निसटला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. हक्काची बढती दुसऱ्यास मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. (आमच्या पेशातील माणसे अशा वेळी बहुधा अर्ज करतात.) बेळगावात बंधू रामूअण्णांच्या साथीने सायकलींचे दुकान आधीच चालू होते. पण विकत आणून विकण्यात मन रमेना. कडबा कापण्याचे यंत्र निघाले, आणि त्यामागोमाग विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर.

या नांगराची कथा सविस्तर सांगण्याजोगी आहे. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा एकदा मातले की त्यांची मुळे खोल जातात. लाकडी नांगर वरची माती उकरतो. मूळ शाबूत राहते. लोखंडी नांगर तास खोल काढून ढेकूळ उलथेच करतो, मुळे उन्हात पडतात आणि वाळतात. फायदा इतका उघड; तरीही नांगरांना गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी समजूत शेतकऱ्यांत पसरली होती. पहिला नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. त्यातून बाजारात विलायती नांगराशी सामना. नांगराचा जीव असतो फाळात. ओतीव फाळाचे टोक मऊ राहिले तर काळ्या रानात ते भराभर झिजते. फार कडक झाले तर दगडाला लागून तुटते. ओतताना साच्याच्या एका अंगाला लोखंड बसविले की तेवढाच भाग झटकन थंड होऊन कठीण बनतो, हे त्यातले कसब. शिवाय झिजलेला फाळ ऐन हंगामात बदलून मिळाला नाही, तर नांगर कितीही उत्तम असो, शेतकऱ्याच्या लेखी तो अडगळच. माल देशी आहे म्हणून लोकांनी घ्यावा, एवढ्या विनवणीवर धंदा तगत नाही. फाळाने विलायती फाळाच्या तोडीस उतरावे लागते.

मध्यंतरी बेळगाव नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा खाली करण्यास सांगितले. लक्ष्मणराव त्या सुमारास औंधास बांधकामाच्या कामात होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानच्या मुलखात, कुंडल रोडजवळ जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० च्या मार्चमध्ये येथे मुक्काम पडला, तेव्हा माळावर निवडुंगाचे रान आणि सापांची वस्ती होती. वरकरणी ही हद्दपारीच. परंतु हाताशी आगगाडी होती, आणि ज्या जमिनीसाठी नांगर घडवायचा ती कारखान्याच्या कुंपणाशीच होती. शहरात राहिले असते तर गिऱ्हाईक इतके जवळ आले असते असे आम्हांस वाटत नाही.

पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले.

दुसरी नवलाई कागदाची. १९२० मध्ये येथून 'किर्लोस्कर खबर' निघाली. मुळात ते कारखान्याचे वार्तापत्र. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे वाङ्मयीन मासिक बनविले. १९३० मध्ये 'स्त्री', १९३४ मध्ये 'मनोहर'. नांगर विकणाऱ्या कारखान्याने मराठी घराच्या माजघरात प्रवेश मिळवावा, हे जाहिरातीचे तंत्र कोणा पंडिताने शिकविले नव्हते. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत ही मासिके येत. ज्यांनी आयुष्यात नांगराला हात लावला नाही, त्यांच्याही तोंडी किर्लोस्करवाडीचे नाव असे.

आता मुख्य मुद्दा. नांगर चालू लागल्यावर हा कारखाना नांगरापाशीच थांबला असता, तर ट्रॅक्टर येताच तो संपला असता. परंतु त्यांचे लक्ष मालाइतकेच शेतकऱ्याच्या पुढच्या अडचणीवर होते. जमीन उलथली, ऊस लागला, की रस काढावयास चरक हवा. उसाला पाणी हवे, म्हणून पंप. तो १९२६ च्या सुमारास आला. त्याच वर्षी चिरंजीव शंतनुराव अमेरिकेच्या एमआयटीतून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडले. पंप फिरवायचा तर खेड्यात वीज कुठली? म्हणून पुढे १९४६ मध्ये पुण्यास खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना. एका वस्तूच्या पोटातून दुसरी निघत गेली, आणि शेत तेच राहिले. आजच्या व्यवस्थापनशास्त्राच्या पोथ्यांत याला भारदस्त नावे आहेत. येथे ते विहिरीच्या काठावर सुचलेले शहाणपण होते.

लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले. पुढे घराण्याच्या उद्योगाच्या अनेक शाखा झाल्या. किर्लोस्करवाडीत मात्र किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप आजही घडतात. नर्मदेचे पाणी सौराष्ट्राकडे उचलून नेणाऱ्या कालव्यावरचे प्रचंड पंप याच कंपनीने पुरविले. २००३ मध्ये तिने इंग्लंडची 'एसपीपी पंप्स' विकत घेतली. विलायती नांगराशी झुंजणाऱ्या त्या पहिल्या फाळाची आठवण असणाऱ्यांस ही बातमी वाचून कसे वाटले असेल!

परतीच्या वाटेवर आमच्या मनात बेळगावची उद्यमबाग होती. फाउंड्रीचे काम आमच्या गावाने सोडलेले नाही. तेथील ओतीव भाग मोटारींत, पंपांत, हायड्रॉलिक यंत्रांत बसून दूरदूर जातात. काम चोख आहे, माणसे कष्टाळू आहेत. पण त्यांतील बहुतेक मालावर नाव दुसऱ्याचे असते, आणि तो कोणाच्या कोणत्या अडचणीसाठी हवा आहे हे ठरविणारा माणूस दुसऱ्याच शहरात बसतो. आमच्या शाळेतील अनेक मुलांचे वडील तेथे कामाला आहेत. तुमच्याकडे काय बनते, असे त्यांना विचारले, तर बरेचजण भागाचा नंबर सांगतात.