आईचं विसरणं

गगनबावडा,
ऑगस्टअखेर

प्रिय अक्का,

फोनवर बोलताना आई शेजारीच असते, म्हणून हे पत्र. ‘सत्तरी ओलांडली, आता विसरणारच’ असं तू म्हणालीस. मला ते पटत नाही. तिचा मधुमेह जुना आहे. पण विसरणं आणि गप्प गप्प राहणं ही दोन्ही याच पावसाळ्यात सोबतीनं वाढलीत.

इथला पाऊस तुला काय सांगायचा! जूनपासून आईचं गडाच्या रस्त्यानं फिरणं बंद, भजन बंद, घरात दिवसाही दिवा. यंदा भाताची लावण बघायला ती बांधापर्यंतसुद्धा आली नाही. विचारलं तर ‘कशात मनच लागंना बघ’ एवढंच. चालणं थांबलं की साखर चढते, अंगात त्राण राहत नाही, मन आणखी बसतं. मग गोळी घेतली काय अन् राहिली काय, तिला सारखंच. कधी उलटं होतं: गोळी घेते आणि जेवत नाही. मधुमेहाच्या काही गोळ्यांवर अशानं साखर एकदम उतरू शकते, आणि तेव्हाही माणूस गोंधळतो, काहीबाही बोलतो.

साखरेनं डोळ्यांच्या, मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात हे आपण ऐकून आहोत. मेंदूतल्याही बिघडतात. तिथं हिप्पोकॅम्पस नावाचा भाग नव्या आठवणी पक्क्या करतो. नैराश्य लांबलं तर कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढं राहू शकतं आणि त्याचा ताण याच भागाला सोसावा लागतो. शिवाय उदास माणसाचं लक्षच नसतं. जे नीट ऐकलंच नाही ते आठवणार कुठून? असं विसरणं उपचारानं बरंचसं सुधारू शकतं. ‘वय झालं’ म्हटलं की ती वाटच बंद होते.

कॅलिफोर्नियातल्या १९ हजारांहून जास्त मधुमेहींचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांत नुसता मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे १ टक्का लोकांना स्मृतिभ्रंश झाला. जोडीला नैराश्य असलेल्यांपैकी २.१ टक्क्यांना. ‘धोका दुप्पट’ ही बातमी खोटी नाही, पण दुसऱ्या गटातही शंभरातले जवळजवळ अठ्ठ्याण्णव त्या काळात सुटले. आत्यासमोर मात्र नुसतं ‘धोका दुप्पट’ एवढंच वाचू नकोस, ती गावभर करेल.

आणखी एक. आई माळकरी, अंडंसुद्धा खात नाही, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी कितीतरी वर्षं चालू आहे. या गोळीनं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि ते घटलं की विसरणं, उदासी, पायाला मुंग्या असं सगळं येतं. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यांतही निम्म्याहून अधिक जणींचं बी-१२ कमी निघालं. म्हणजे आपल्याकडं आधीच तुटवडा, त्यात ही गोळी. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. रक्त तपासायचं, थायरॉइडही बघायचं.

आईच्या वहीत दर महिन्याची साखर आहे, बीपी आहे. ‘दोन आठवडे उदास वाटतंय का, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्यात का’ हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही, आपणही नाही. मी तिला कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यायचं म्हणतोय. ‘वेड्याच्या डॉक्टरकडं नेतोस व्हय?’ असं आत्या म्हणणारच, तिला तू सांभाळ. पावसानं एसटी अडली तर तोवर सरकारच्या टेलिमानसवर, १४४१६ला फोन करीन. तिथं मराठीतून बोलता येतं.

तुझ्याकडं दोन कामं. तिची जुनी रिपोर्टांची फाईल पाठव. आणि रोज फोनवर ‘आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं’ अशी परीक्षा घेऊ नकोस. फोन ठेवल्यावर ती रडते. त्यापेक्षा वरणफळं कशी करायची ते विचार. परवा शेजारच्या सूनबाईला सांगत होती, एकही जिन्नस चुकला नाही.

तुझा,
बाळू