पाडव्याची चटणी आणि डबीतली भुकटी

आमच्या मराठवाड्यात कडुनिंब कुणी लावत नसे, तो आपोआप यायचा. पाखरांनी खाल्लेल्या निंबोळीचं बी बांधावर पडायचं आणि काही पावसाळ्यांत बैल बांधण्याजोगी सावली तयार व्हायची. आता पाडव्याच्या आदल्या दिवशी शहराच्या चौकात त्याच्या डहाळ्या विकायला असतात. औषधाच्या दुकानात तर त्याच पाल्याची भुकटी बारा महिने मिळते. डबीवर प्रथिनं, कॅल्शियम, लोह, अँटिऑक्सिडंट अशी सगळी वंशावळ छापलेली.

त्यात खोटं काही नाही. 100 ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे 7 ग्रॅम प्रथिनं आणि 500 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे दुधाच्या चौपट. पण 100 ग्रॅम कडुनिंब खाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. (शेळी पाहिली आहे.) पाडव्याला आमच्या तळहातावर यायची ती चिमूटभर चटणी. कोवळा पाला, फुलोरा, गूळ, चिंच, हिंग, ओवा, जिरं, मिरी आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ. त्यात पोषण शोधायचंच तर ते डाळीत आणि गुळात. धाकटी भावंडं गूळ चाखून पाला गालात दाबून ठेवायची आणि आजीची पाठ वळली की परसात थुंकून यायची.

हे एवढं कडू का, असं कुणी विचारत नसे. रसायनशास्त्रज्ञ सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मात्र विचारलं. 1942 मध्ये त्यांनी निंबोळीच्या तेलातून निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन ही कडू द्रव्यं वेगळी केली. पाल्यातही निंबिन आहे, निंबोलाइड आहे. क्वेर्सेटिन हे अँटिऑक्सिडंटही आहे, ज्याचं नाव डबीवर ठळक असतं. ते आपल्या कांद्यातही भरपूर आहे, पण कांद्याची कॅप्सूल कोण घेणार?

खरं म्हणजे आमच्या घरात पाल्याचं बहुतेक काम पोटाबाहेरच चाले. कांजिण्या उतरल्या की पाला घातलेल्या पाण्याने आंघोळ. संध्याकाळी गोठ्यात ओल्या पाल्याचा धूर. ज्वारीच्या कणगीत थराथराने पाला, तोही सावलीत वाळवलेला. उन्हात टाकला की आजी ओरडायची. कारण तिने कधी सांगितलं नाही. किडीचं खाणं आणि कात टाकणं बंद पाडणारं अझाडिरॅक्टिन 1968 मध्ये सापडलं. ते पाल्यापेक्षा बियांत जास्त असतं आणि उन्हाने लवकर विघटन पावतं. म्हणूनच आज कृषी सहायक निंबोळी अर्काची फवारणी संध्याकाळी करायला सांगतात. हा रेणू प्रयोगशाळेत जुळवायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला 22 वर्षं लागली. 2007 मध्ये तो जमला.

तेलाच्या बाबतीत जुनी माणसं फार कडक होती. बैलाच्या खांद्याला, जखमेला चालेल, पण पोटात नाही. तान्ह्या बाळांना हे तेल पाजल्याने जिवावर बेतल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आजीला नियतकालिकं माहीत नव्हती, मात्रा माहीत होती. हल्ली ‘नैसर्गिक आहे, काय होतंय’ म्हणत रोज सकाळी पेलाभर रस पिणारे भेटतात, तेव्हा मला आजीचा तो चिमूटभराचा हिशेब जास्त शास्त्रीय वाटतो.

बाकी कडुनिंबाचा मान वाढला, यात शंका नाही. त्याच्या तेलाने बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर अमेरिकेच्या कृषी खात्याने आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीने युरोपात पेटंट मिळवलं होतं. भारतात हे आधीपासून चालत आलंय, हे दाखवून दिल्यावर 2000 मध्ये ते रद्द झालं आणि 2005 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. 2015 मध्ये देशात शेतीसाठी बनणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाचं तेल चोपडणं सक्तीचं झालं. त्यामुळे त्यातलं नत्र जमिनीत सावकाश सुटतं.

गावाकडे पुतण्या शेती करतो. तो अर्काची बाटली तालुक्याहून आणतो, वर ‘1500 पीपीएम’ लिहिलेली. जूनमध्ये बांधावर निंबोळ्यांचा सडा पडलेला असतो. आम्ही पोरं त्या टोपल्यांनी वेचायचो. आता वेचायची मजुरी बाटलीपेक्षा महाग पडते, असं तो म्हणतो. मी हिशेब करून पाहिला, त्याचं बरोबर आहे.