रकाना नसलेलं काम

पोलीस ठाण्यातल्या प्रत्येक नोंदवहीला आधी काहीतरी घडावं लागतं. गुन्हा घडला की नंबर पडतो, भांडण झालं की एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, माणूस सापडेनासा झाला की मिसिंग. न घडलेल्या गोष्टीला रकाना नाही. सोलापूरच्या पूर्व भागात बीट अंमलदार म्हणून माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. आधी हवालदार होतो, पुढे सहायक फौजदार झालो. पण त्या काळातलं माझं चांगलं काम शोधायला कुणी रेकॉर्ड चाळलं, तर त्याच्या हाती फारसं काही लागणार नाही. ही तक्रार नव्हे, या कामाचं रूपच तसं आहे. ते उमगत नाही म्हणून तरुण पोरं बीटवर कंटाळतात आणि गुन्हे शोधणाऱ्या डीबी पथकात जायला धडपडतात. आरोपी पकडला की पेपरात फोटो येतो. घरफोडी झालीच नाही, याचा फोटो काय काढणार?

पूर्व भाग म्हणजे यंत्रमागांचा आणि विड्यांचा. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेला पद्मशाली समाज इथं चादरी आणि टॉवेल विणतो. घराघरातल्या बाया सुपात पानं घेऊन विड्या वळतात. सकाळी विडी कारखान्याच्या ब्रँचला जाऊन वळलेल्या विड्या द्यायच्या आणि पान-तंबाखू घेऊन परत यायचं, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, अधूनमधून कन्नड. मला तेलुगू धड येत नव्हतं, पण कानावर पडलं की विषय कळायचा. भाषेपेक्षा दिनक्रम कळणं जास्त महत्त्वाचं. कुठल्या कारखान्यात रात्रपाळी आहे, पगार कधी होतो, ब्रँच किती वाजता उघडते आणि नळाला पाणी कधी येतं. यातलं सगळ्यात महत्त्वाचं पाणी.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं, आणि वेळेचाही भरवसा नसतो. पाणी मध्यरात्री दोनला आलं तर अख्खी गल्ली जागी असते. दिवे लागलेले, घागरी, पिंप, पाइप, पोरांची पळापळ. त्या रात्री चोर फिरकत नाही. पण त्या रात्री मारामारी होते, कारण कुणीतरी लाइनला थेट मोटार लावून पाणी ओढतो आणि पुढच्या घराचा नळ कोरडा पडतो. दुसऱ्या रात्रीचं गणित उलटं. सगळे दमून गाढ झोपलेले. उन्हाळा असेल तर माणसं गच्चीवर किंवा ओट्यावर, खालचं दार नुसतं लोटलेलं. खिडकीतून पँट ओढायची, उशाचा मोबाइल उचलायचा, यासाठी याहून सोयीची वेळ नाही. म्हणून मी पाण्याच्या रात्री नळावर उभा राहायचो आणि नंतरच्या रात्री गस्तीची फेरी उशिरा, तीनच्या सुमाराला लावायचो. हे कुठल्याही परिपत्रकात नव्हतं. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याशी ओळख ठेवली की कळायचं.

मोटार लावणाऱ्याला गुन्हेगार ठरवून काही साधत नाही. त्याच्याही घरात पाच माणसं असतात. मोटार बंद करायला लावायची, शेजारणीच्या दोन घागरी त्याच्याच नळावर भरून द्यायला लावायच्या आणि तिथंच थांबायचं. साहेबांना वाटतं, हवालदार नळावर काय करतोय. पण एनसीची वही मन लावून वाचणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. अदखलपात्र म्हणजे पोलिसांनी दखल घ्यायची नाही, असाच बहुतेकांचा समज. कायद्यानं कोर्टाच्या हुकुमाशिवाय तपास करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. डोळे मिटून घ्या, असं कुठं लिहिलेलं नाही. एकाच गल्लीतल्या त्याच दोन घरांची दुसरी एनसी आली की मी त्या दोन्ही घरी जाऊन यायचो. पहिल्या वेळी शिवीगाळ, दुसऱ्या वेळी ढकलाढकली आणि तिसऱ्या वेळी लोखंडी पाइप, ही चढण मी पुष्कळदा पाहिली आहे. बहुतेक मोठे गुन्हे आधी एनसीच्या वहीत येऊन गेलेले असतात. गरज पडली तर शांतता राखण्याचं बंधपत्र घ्यायला प्रस्ताव पाठवायचा. जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली येतं, पण ठाण्यात अजून सगळे जुन्या कायद्यातल्या कलमावरून ‘एकशेसात’च म्हणतात.

बीटवर चहा कुणाचा घ्यायचा, हा मोठा प्रश्न आहे, आणि तो चहाच्या पैशांचा नव्हे. गल्ली सगळं बघत असते. व्याजाने पैसे देणाऱ्याच्या ऑफिसात पोलीस चहा पिताना दिसला, की त्याच्या कर्जात बुडालेला विणकर ठाण्यात कधीच येत नाही. तो दारू पिऊन घरी मारहाण करेल, नाहीतर स्वतःचं काहीतरी करून घेईल, पण येणार नाही. एका कारखानदाराकडे बसलं की कामगार तुटतात. एका मंडळाच्या मांडवात बसलं की दुसरं मंडळ बिथरतं. म्हणून मी टपरीवर, उभ्यानं, स्वतःच्या पैशांनी चहा प्यायचो. टपरीवर उभं राहिलं की तुम्ही कुणाचेच नसता, आणि कुणीही येऊन सहज बोलू शकतं. पाणी मात्र मागून प्यायचो, आणि शक्यतो विड्या वळणाऱ्या बायांच्या ओट्यावर. “अक्का, जरा पाणी द्या,” म्हटलं की तांब्या यायचा आणि तांब्यासोबत दोन वाक्यं. वरच्या खोलीत भाडेकरू नवा आलाय, दिवसा झोपतो. कोपऱ्यावरच्या पोराकडे गाडी नवी दिसते, नंबर प्लेट नाही. शेजारच्या घरात माग चालू झाला की पोरगी ओरडते, मागाच्या खटखटीत ऐकू जाणार नाही असं त्या बापाला वाटतं.

ही माहिती देणारी बाई खबरी नव्हे. खबऱ्याला काहीतरी हवं असतं. पैसे, सूट, नाहीतर दुश्मनाचा काटा काढून. त्याच्या बातमीत त्याचा हिशेब मिसळलेला असतो. अक्काला काही नको असतं, फक्त आपलं नाव कुठं येऊ नये एवढंच. ते नाव एकदा जरी फुटलं तर त्या ओट्यावरचं पाणी कायमचं बंद. साहेबांनी विचारलं, “कुणी सांगितलं?” तर “गस्तीत दिसलं” हेच उत्तर.

ओळखीचा फायदा दोन्ही बाजूंनी असतो. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक शहरात तोतया पोलिसांची एक ठरलेली पद्धत आहे. साध्या कपड्यातले दोघं मोटारसायकलवर येतात आणि म्हातारीला अडवतात. पुढं खून झालाय, चेकिंग चालू आहे, अंगावरचे दागिने काढून रुमालात बांधा, आम्ही बांधून देतो. पुडी परत मिळते, घरी जाऊन सोडली तर आत खडे. जागरूकतेची पत्रकं आम्ही पुष्कळ वाटली. पत्रक चुलीत जातं. ज्या म्हातारीला आपल्या बीटच्या हवालदाराचं तोंड ठाऊक आहे, ती मात्र विचारते, “आमचे मामा कुठंयत? त्यांना बोलवा, मग काढते.” एवढ्यानं ते दोघं पुढची गल्ली धरतात. खरा पोलीस रस्त्यात अडवून दागिने काढायला सांगत नाही, हे मी ओट्या-ओट्यावर सांगितलं होतं. पण उपयोग झाला तो सांगण्यापेक्षा दिसण्याचा.

दिसणं आणि फिरणं यात फरक आहे. पूर्वी बँकेच्या आणि सराफाच्या दारात गस्तीची वही टांगलेली असायची, जाऊन सही करायची. आता बऱ्याच ठिकाणी क्यूआर कोड आहेत, मोबाइल लावला की वेळ आणि ठिकाण वरती कळतं. त्याने गस्त झाली हे सिद्ध होतं, गस्तीत काय कळलं ते नाही. एका प्रशिक्षण वर्गात आम्हाला अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा प्रयोग शिकवला होता. 1972-73 मध्ये तिथल्या पोलिसांनी पंधरा बीटांचे तीन गट केले. काहींत नेहमीची गस्त, काहींत दुप्पट-तिप्पट गाड्या, आणि काहींत बोलावणं आल्याशिवाय गाडी पाठवायचीच नाही. वर्षभरानं पाहिलं तर गुन्ह्यांत आणि लोकांच्या भीतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. वर्गात सगळे हसले, मला हसू आलं नाही. काच चढवून वीसच्या वेगानं गल्लीतून गेलेली गाडी आणि न गेलेली गाडी, वस्तीच्या लेखी सारखीच. गाडी लागते, ‘112’ चा कॉल आला की काही मिनिटांत पोचायला तीच लागते. पण कॉल येऊच नये यासाठी पायी चालावं लागतं, आणि थांबावं लागतं.

थांबण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. भिवंडीही सोलापूरसारखीच यंत्रमागांची आणि दंगलींनी होरपळलेली. 1970 आणि 1984 च्या दंगली तिथं लोक अजून विसरलेले नाहीत. तिथं पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी 1988 नंतर मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांची साधी माणसं एकत्र बसायची, आणि बोलायची ती गटाराबद्दल, नळाबद्दल, छेडछाडीबद्दल. दंगलीचा विषय काढायचीही गरज नव्हती. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. शांतता समितीच्या बैठका सगळीकडे होतात, पण बहुतेकदा सणाच्या तोंडावर आणि त्याच त्या पुढाऱ्यांच्या. भिवंडीत त्या बारमाही होत्या. रमजान आणि गणपती एकत्र आले की धावपळ करणाऱ्यानं आधीचे अकरा महिने काय केलं, ते त्याच वेळी कळतं.

सोलापुरातल्या माणसाला मात्र गुन्हे रोखण्याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. शहरात एका वस्तीला अजून ‘सेटलमेंट’ म्हणतात. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला, आणि अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायचं, हजेरी घ्यायची, बाहेर जायला पास द्यायचा. तेही गुन्हे रोखण्याचंच काम होतं, आणि ते करणारेही आपल्याला कर्तव्यदक्षच समजत असतील. 1952 मध्ये तो कायदा देशभरातून रद्द झाला. कुंपण गेलं, पण वस्तीचं नाव सांगितलं की पोराला दोन प्रश्न जास्त विचारायची सवय अजून पुरती गेलेली नाही. वस्तीवरून माणूस ओळखणारा पोलीस आळशी असतो. ओळख म्हणजे हा मुलगा कुठं काम करतो, त्याची आई कुठल्या ब्रँचला जाते, तो रात्री उशिरा का येतो, हे ठाऊक असणं. हे ठाऊक असेल तर दर चोरीनंतर त्याच्या दारात जावं लागत नाही. ठाऊक नसेल तर जात आणि वस्ती एवढंच हातात उरतं, आणि त्यावरून उचललेल्या दहांपैकी नऊ जणांच्या घरात पोलिसांबद्दलचा राग पिढीजात होतो.

याच जिल्ह्यात दुसरी वाटही निघाली. 2021 मध्ये सोलापूर ग्रामीणच्या तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. हातभट्टीची गावं आणि तांडे एकेका अधिकाऱ्याला दत्तक दिले. धाडी चालू ठेवल्या, पण त्यांच्या जोडीला समुपदेशन आणि दुसरा रोजगार उभा करणं हेही त्या अधिकाऱ्याचंच काम ठरलं. भट्टी फोडून परत आलेल्या प्रत्येक पोलिसाला ठाऊक असतं की आठवड्यात ती पुन्हा पेटणार आहे. पिंप फुटतं, पोट तसंच राहतं. फरक एवढाच की त्या वेळी एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं हे कामाच्या कागदावर आणलं.

बीटचा शत्रू म्हणाल तर चोराच्याही आधी बंदोबस्त. गड्डा यात्रा, वारी, निवडणूक, मंत्र्यांचे दौरे, मोर्चे. बीटवरचा माणूस पहिला उचलला जातो, कारण त्याच्या गैरहजेरीत काय बिघडलं ते लगेच दिसत नाही. मग बदली होते. चार्ज देताना प्रलंबित समन्स, वॉरंट, तडीपारांची यादी, शस्त्र परवाने, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी, सगळं सही करून दिलं जातं. चावीवाल्याशी ओळख, अक्काचा ओटा, कुठल्या दोन भावांनी एकमेकांशी बोलणं सोडलंय, हे फायलीत बसत नाही. नव्या माणसाला आठवडाभर सोबत फिरवायची पद्धत पाडली, तर यातलं निम्मं तरी त्याच्या हाती लागेल.

एक गोष्ट साहेब लोकांनी समजून घ्यावी. चांगला बीट अंमलदार आला की सुरुवातीला त्या बीटवरच्या तक्रारी वाढतात. गुन्हे वाढलेले नसतात. आजवर गिळून टाकलेली मारहाण, छेडछाड, व्याजाचा तगादा हे सगळं बाहेर यायला लागतं. आढावा बैठकीत हा वाढलेला आकडा पाहून त्या अंमलदाराला झापलं, तर पुढच्या महिन्यात तो आलेल्याला परत पाठवायला शिकेल आणि आकडा सुंदर दिसेल. म्हणून बीट तपासायची असेल तर गुन्ह्यांची बेरीज थोडा वेळ बाजूला ठेवावी आणि तक्रार द्यायला कोण येतं ते पाहावं. फक्त पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन येणारेच येत असतील, तर तिथं बीट नाही, नुसता नकाशा आहे. विड्या वळणारी बाई कुणालाही सोबत न आणता ठाण्याची पायरी चढते आणि हवालदाराला नावानं विचारते, तेव्हा तिथं पोलिसिंग चालू आहे असं खुशाल समजावं, मग त्या महिन्याचा आकडा काहीही असो.