अम्मीचा लाल चेहरा

अम्मीचा चेहरा लाल झाला की घरात आवाज बंद व्हायचा. रमजानमध्ये असरनंतर ती चुलीपुढं भजी तळायला बसायची. तासाभरात गाल, नाक, हनुवटी तांबूस व्हायची आणि आम्ही तिन्ही भावंडं दप्तरं उचलून अंगणात पळायचो. ''गुस्से में हैं,'' आपा कुजबुजायची. अम्मी ओरडली, तिनं हात उगारला, असं आठवू गेलं तर फारसं आठवत नाही. पण लाल चेहरा म्हणजे राग, हे आमच्या घरचं व्याकरण होतं.

पुढं आम्ही शिकलो. आमच्यातलं एक बी.एड. होऊन उर्दू शाळेत विज्ञान शिकवू लागलं. आधी निरीक्षण, मग नोंद, मग अनुमान, हा क्रम फळ्यावर कितीदा लिहिला असेल! अम्मीच्या बाबतीत मात्र आम्ही लहानपणीच अनुमानावर उडी मारली होती आणि तिथंच बसून राहिलो.

चाळिशीनंतर तिच्या गालांवर बारीक फोड येऊ लागले. गावच्या डॉक्टरांनी मुरुमांचं औषध दिलं. मग कुणीतरी दुकानातून एक ट्यूब आणून दिली. आठ दिवसांत चेहरा उजळला. शेजारणींनी ट्यूबचं नाव विचारून घेतलं. लावणं थांबवलं की दुप्पट लाली, म्हणून पुन्हा ट्यूब. अशी काही वर्षं गेली. मध्येच कुणी ल्युपसची भीती घातली. त्या आजारातही नाकावर आणि दोन्ही गालांवर फुलपाखरासारखा लाल पट्टा उमटतो. आपा तर रात्रभर रडली. शेवटी आम्ही तिघंही रजा टाकून अम्मीला जिल्ह्याच्या गावी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो.

आमची समजूत अशी, की रक्त काढतील, कागद येईल, त्यावर रोगाचं नाव असेल. बाईंनी आधी अम्मीला पावडर धुऊन यायला सांगितलं आणि खुर्ची खिडकीशी ओढली. ''मावशी, जळजळतं का?''

''बीस साल से,'' अम्मी म्हणाली.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं नाही.

मग प्रश्नांमागून प्रश्न. गरम चहानं वाढतं का? उन्हानं? चुलीपुढं? तिखटानं? डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का? अम्मीनं सुरमा लावणं कधीच सोडलं होतं. डोळे चुरचुरतात, त्याचा दोष ती सुरम्याला द्यायची. बाईंनी पापण्यांच्या कडा पाहिल्या. सुजलेल्या होत्या. हा आजार डोळ्यांतही उतरतो, हे आम्हांला तेव्हा कळलं. फोडांमध्ये मुरुमांची काळी-पांढरी तोंडं नव्हती, म्हणून मुरुम बाजूला पडले. सांधे, तोंडातले फोड, केस गळणं, सगळं विचारून झालं. ल्युपसमध्ये नाकाच्या बाजूच्या घड्या बहुधा कोऱ्या राहतात. अम्मीची लाली घडीतही उतरली होती. तरी खात्रीसाठी बाईंनी ए.एन.ए. तपासणी लिहून दिली. पुढं ती निगेटिव्ह आली.

गालावर काचेची पट्टी दाबली तर लाली विरली, उचलली तर परत आली. म्हणजे तो डाग नव्हता, रुंदावलेल्या वाहिन्यांतलं रक्त होतं. भिंगातून पाहिल्यावर तिथं बारीक लाल जाळी दिसली.

''ट्यूब कुठली?'' अम्मीनं बटव्यातून चेपलेली ट्यूब काढली. स्टेरॉइड. तिनंही चेहरा असाच होतो. 2018 साली सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण आमच्याकडं ती मागितली की मिळत होती. बाई थांबल्या. ''ही लाली ट्यूबच्या आधीपासूनची का, हे मला कोण सांगेल?''

आम्ही तिघंही एकदम बोललो. चूल, भजी, अंगण. ज्याला घाबरून आम्ही पळायचो, तेच बाई कागदावर उतरवत होत्या. तीस वर्षांची आमची भीती आजाराचा इतिहास म्हणून कामी आली.

''रोझेशिया,'' त्या म्हणाल्या. मूळचा आजार हाच, ट्यूबनं त्यात भर घातली.

हा आजार सिद्ध करणारी रक्ताची तपासणीच नाही. घरी येऊन वाचलं, की 2002 मध्ये तज्ज्ञांनी त्याचे चार प्रकार केले होते. 2017 मध्ये ते मागं ठेवून चेहऱ्यावर प्रत्यक्ष काय दिसतं त्यावर भर दिला. चेहऱ्याच्या मधोमध टिकून राहणारी आणि मधूनमधून भडकणारी लाली, किंवा नाकासारख्या जागी जाड झालेली कातडी, यांतलं एक पुरे. ते नसेल तर भडका, फोड, उठून दिसणाऱ्या वाहिन्या आणि डोळ्यांची लक्षणं यांतली दोन तरी हवीत. गोऱ्या कातडीवर हे चटकन दिसतं. आमच्यासारख्या गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यांवर लाली लपते, म्हणून जळजळ विचारावीच लागते. अम्मीचा रंग उजळ, तिची लाली तर दिसत होती. तरी आम्ही विचारलं नव्हतं.

लावायला मेट्रोनिडॅझोल, पोटात डॉक्सिसायक्लिन, उन्हापासून बचाव, ट्यूब बंद. पहिले काही आठवडे चेहरा आणखी पेटेल, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं.

परतताना एस.टी.त अम्मी उन्हाच्या बाजूला बसली होती. चेहरा लाल झाला. आम्ही सवयीनं गप्प झालो. मग आपानंच विचारलं, ''अम्मी, जळतंय का?''

''नाही,'' अम्मी म्हणाली. ''आत्ता खरंच गुस्सा आलाय. तिघांनी रजा टाकल्या, एवढं भाडं भरलं, आणि बाई म्हणते चहा थंड करून प्या!''