आईंची किडनी आणि ह्यांची साखर

किडनी बदलली की दुखणे संपले, असे आपल्याला वाटते. डायलिसिसच्या फेऱ्या थांबतात, पाणी मोजून प्यायचे दिवस संपतात. पण त्यानंतर कधी कधी एक पाहुणी न बोलावता घरात शिरते. तिचे नाव साखर. आमच्याकडे ती आली, म्हणून हे चार शब्द.

आम्ही आळंदीचे. हे चाकणला कारखान्यात आहेत. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंनी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आपली किडनी मुलाला दिली.

१९५४ साली अमेरिकेत बोस्टनला पहिली यशस्वी किडनी बदलली गेली, ती एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावांत. त्यामुळे शरीराने ती आपलीच मानली. आई-मुलात तसे होत नाही. शरीर तिला परकी समजून हाकलू पाहते. त्याला आवर घालायला प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी आणि टॅक्रोलिमस रोज लागते. पण स्टिरॉइडमुळे यकृत जास्त साखर सोडते आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. टॅक्रोलिमसमुळे मुळात इन्सुलिनच कमी तयार होते. घराण्यात मधुमेह असेल, वजन किंवा वय जास्त असेल, तर धोका वाढतो. माझे सासरे मधुमेहीच होते.

ह्यांची सकाळची, उपाशीपोटी घेतलेली साखर १०२ आली. सगळे खूश! पण संध्याकाळी तोंडाला कोरड पडे, रात्री चार-चार वेळा उठावे लागे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी सकाळी घेता, तिचा जोर दुपारनंतर असतो. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी रक्त तपासा." ती साखर निघाली २६८!

शेजारच्या काकू म्हणाल्या, "स्टिरॉइड वाईटच गं, बंद करा." हेही वैतागले होते. "एवढ्या गोळ्यांतली एक सोडली तर काय बिघडतंय?" तेव्हा देवघरातून सासूबाईंचा आवाज आला, "अरे, साखरेला औषध आहे. माझ्याकडे द्यायला आता दुसरी किडनी नाही."

त्या दिवसापासून घरात हा विषय निघाला नाही. ही गोळी एकदम बंद केली तर शरीर किडनी नाकारू शकते, शिवाय माणूस गळून पडतो. ती कमी करायची डॉक्टरांनीच, रक्त तपासत, हळूहळू. ह्यांची तशी कमी झाली. काही महिने इन्सुलिन घ्यावे लागले, आता गोळीवर भागते.

बाकी काम स्वयंपाकघराचे. आळंदीत एकादशी मोठी. पण साबुदाण्याची खिचडी, रताळी, केळी म्हणजे साखरेला आमंत्रणच. ह्यांचा उपास आता आई करतात. कार्तिकीला येणाऱ्या पेढ्यांतला कणभर प्रसाद ह्यांच्या जिभेवर ठेवते. एरवी ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, आणि जेवणानंतर इंद्रायणीच्या घाटापर्यंत चालणे. पपनस घरात आणत नाही, कारण त्याने टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण वाढू शकते. कुणी सुचवलेले चूर्णही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

मैत्रिणींनो, घरात कुणाला किडनी बसवली असेल तर वहीत दोन रकाने आखा, एक सकाळच्या साखरेचा, एक दुपारच्या. आणि दुपारचा रकाना रिकामा राहिला, तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.